नव्या चिटाची गोधडी

गोधडीवर मराठीत काही लिहायला घेतले की लेखणी आपोआप आजीकडे वळते. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, मायेची ऊब. या उबेखाली एक साधी गोष्ट झाकली जाते: ज्या कापडातून ती गोधडी झाली, ते कापड आता घरात येतच नाही. नऊवारी सुती लुगडे चार पदरी घातले की प्रत्येक पदर सव्वादोन वारांचा, म्हणजे दोन मीटरहून थोडा लांब भरतो. एका माणसाच्या पांघरुणाचे माप लुगड्यात आधीच असे, कात्री लावायची गरजही नसे. सहावारी तीन पदरी घातली तरी एक मीटर ऐंशीच्या आसपास लांबी मिळते. आज घरात जुने काय होते? पॉलिएस्टरची साडी, लेगिंग, होजिअरीचा टी-शर्ट, शाळेचा टेरिकॉटचा गणवेश. यांतले बरेचसे कापड विटते, पण झिजून मऊ होत नाही, आणि गोधडीला तर झिजलेलेच कापड हवे. मग गोधडी शिवायची ओढ असलेल्या बाईने कापड आणायचे कुठून? तिने बाजारातून जुन्या नक्षीचे नवे सुती कापड आणले, म्हणजे अजरखाच्या, कलमकारीच्या, जुन्या चिटाच्या धर्तीवर छापलेले, आणि त्याचे तुकडे जोडून रोजच्या वापराची गोधडी शिवली, तर आपण नाक मुरडायचे का? माझ्या मते मुरडू नये. उलट आजच्या घरात गोधडी टिकायची असेल तर तिची वाट या नव्या चिटातूनच जाते. एक अट मात्र आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनाच्या दालनात विचारण्यापेक्षा रायपूरच्या भनपुरीत विचारलेला बरा. शहराच्या उत्तर अंगाला बिलासपूर रस्त्यावरची ही औद्योगिक वस्ती. लोखंडाचे कारखाने, मालाचे ट्रक, आणि पुढे उरला-सिलतरापर्यंत धुराडीच धुराडी. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते ही या पट्ट्यातल्या घरांची जुनी तक्रार. तसे पाहिले तर रायपूर पांघरुणांच्या बाबतीत श्रीमंत शहर आहे. छत्तीसगढी घरात कथरी. अठराव्या शतकात भोसल्यांचा अंमल आला, त्यानंतर तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांत रुजलेल्या मराठी घरांत गोधडी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची रल्ली, आणि १९६४ पासून माना छावणीत उतरलेल्या पूर्व बंगालच्या निर्वासितांची कांथ्याची रीत. कथरी, कांथा आणि आपल्या संतवाङ्मयातली कंथा हे तिन्ही शब्द एकाच संस्कृत ‘कन्था’ची लेकरे. छत्तीसगढीत ‘कथरी ओढ़े घी खाय’ अशी म्हण आहे, वरून फाटका आणि आतून तूप खाणारा अशा माणसासाठी. म्हणजे कथरी हे गरिबीचे इतके ठळक चिन्ह की सोंग घ्यायलाही तीच सोयीची. आणि आता याच पट्ट्यात घरातले जुने सुती कापड कुठे जाते ते पाहा. काही भांडीवालीच्या टोपल्यात, आणि बरेचसे चिंध्यांच्या गठ्ठ्यात. कारखान्यात यंत्राचे तेल आणि ग्रीस पुसायला सुती चिंधीच लागते. माणसाचा घाम शोषणारे कापड यंत्राचे तेलही शोषते, आणि यंत्राच्या मागणीपुढे गोधडीची मागणी कोण विचारतो.

नुसत्या हळहळीने हा प्रश्न सुटत नाही, कारण तो कापडाच्या गुणाचा आहे. हाताने गोधडी शिवणाऱ्या कुणालाही विचारा, सुई कशात जाते आणि कशात अडते हे ती बोटांनी सांगेल. खळ निघून गेलेल्या, शंभर धुण्यांतून गेलेल्या सुती कापडाचे चार-पाच पदर एकमेकांना धरून बसतात. धावदोरा घालताना सुईच्या टोकावर तीन-चार टाके एकदम घेता येतात. सिंथेटिक पदर एकमेकांवरून सरकतात, टाका ओढला की चुणी पडते, आणि धुतल्यावर एक पदर आटतो, दुसरा तसाच राहतो. उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या मराठी-कोकणी कानावर पडणाऱ्या भागात सिद्दी बायका जी कवंदी शिवतात, तिची रीत इथे उपयोगी पडते. त्या कडेपासून सुरुवात करून गोल गोल फेरे घेत मध्याकडे येतात, वाटेत तुकडे लावत जातात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे ‘फुला’ बसवतात. आधी आराखडा नाही, पट्टी नाही, पण प्रत्येक तुकड्याच्या कडा आत दुमडून दाबलेल्या. अशी दुमड सुती कापड बोटाच्या नखाने घेते. पॉलिएस्टरला इस्त्री करूनही ती धड बसत नाही. रायपूरच्या मे महिन्यात, पारा चाळीसच्या पुष्कळ वर असताना, पंख्याखाली अंगावर घ्यायला पातळ सुती दुपट्याला पर्याय नाही, आणि दुकानातले ‘मिंक’ ब्लँकेट तर त्या दिवसांत कपाटातूनही बाहेर काढवत नाही. शिवाय काळ्या धुळीच्या गावात पांघरूण वरचेवर धुवावे लागते. गडद भुईवर बारीक फुले असलेले जुन्या चालीचे चीट डाग झाकते आणि धुणे सोसते. आपल्या आज्या-पणज्या गडद कापड निवडत ते काही सौंदर्यशास्त्र वाचून नव्हे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जुन्याची नक्कल म्हणजे खोटेपणा. खऱ्या अजरखाला आणि कलमकारीला इतिहास आहे, छापील नकलेला नाही. पण चिटाचाच इतिहास जरा उलगडून पाहिला तर ‘अस्सल’ नावाचा धागा हातात येता येता तुटतो. कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगीत चीट युरोपात इतके चालले की फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी ते रोखले. तिथला निर्बंध १७७४ मध्ये उठला. बंदीच्या काळात आणि नंतर युरोपातल्या छापखान्यांनी केले काय? आपल्या चिटाची नक्कल. आपले कारागीरही काही कमी नव्हते, डच आणि इंग्रज व्यापारी नमुने पाठवत आणि मछलीपट्टणकडे त्या नमुन्यांबरहुकूम फुले उमटत. पुढे १८६६ मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन या लंडनच्या अधिकाऱ्याने भारतीय कापडांचे ७०० खरेखुरे तुकडे १८ खंडांत चिकटवून त्यांचे २० संच केले. त्यांतले १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ भारतात आले. हेतू उघड होता, मँचेस्टरच्या गिरण्यांना इथल्या लोकांच्या आवडीची नक्कल करता यावी. आता याच वर्षांचा वऱ्हाडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस आटला, इकडच्या कापसाला भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूसही विलायतेला गेला आणि नक्षीही. परत आले ते विलायती चीट, आणि आपल्याच बायकांनी ते हौसेने परकर-पोलक्यांना वापरले. आज आपण ज्याला ‘जुने, अस्सल’ म्हणून कपाटात जपतो त्यातले कितीतरी कापड हे असे नकलेची नक्कल आहे. त्या कापडाने गोधडी खोटी झाली नसेल, तर आजच्या गिरणीत जुन्या ठशावरून छापलेल्या सुती कापडानेही ती होणार नाही.

रसायनाचा पुरावाही हेच सांगतो, आणि तो डोळ्यांनी दिसतो. जुन्या रंगीत कापडाचा एखादा तुकडा उजेडात धरला तर फुलाच्या लाल पाकळ्या शाबूत असतात, निळी पाने शाबूत असतात, पण त्यांच्याभोवतीची काळी रेघ गळून गेलेली असते. रेघेच्या जागी नुसता उभा-आडवा विरलेला दोरा, कधी तोही नाही. कारण ते काळे लोहाचे. भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस आंबवत ठेवायचे, त्या आंबट पाण्याचा हिरड्याने संस्कारलेल्या कापडावर ठसा उमटवायचा. लोह आणि हिरड्यातले तुरट द्रव्य मिळून काळा रंग धरतात आणि पुढे तेच लोह सूत हळूहळू खाते. ज्या भनपुरीत लोखंडाचा चुरा रस्त्याच्या कडेला सहज सापडावा, तिथल्या वाचकाला ही कृती परकी वाटू नये. लालाची गोष्ट आणखी बोलकी. मध्य प्रांतात आणि बुंदेलखंडात आलाची झाडे मुळांसाठी लावत; तीन-चार वर्षे वाढलेले मूळ खणले की लाल मिळे. १८६९ च्या सुमारास कारखान्यात अलिझरिन बनू लागले आणि काही दशकांत आलाची शेती मोडली. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. म्हणजे विसाव्या शतकातल्या आपल्या बहुतेक ‘पारंपरिक’ लुगड्यांचा रंग रासायनिकच होता. बस्तरच्या पनिका विणकरांनी आणि पलीकडच्या ओडिशातल्या कोटपाडने आलाचा रंग अजून धरून ठेवला आहे आणि कोटपाडला २००५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, पण त्या वस्त्राला कात्री लावून त्याचे रोजच्या पांघरुणासाठी तुकडे करा असे कुणी म्हणणार नाही. मी तर मुळीच नाही. जुन्या नक्षीच्या नव्या कापडाचा फायदा नेमका इथे आहे. नक्षी तीच, पण काळी रेघ कापड खात नाही, आणि अस्सल जुने वस्त्र कापण्याचे पाप लागत नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. जुन्या नक्षीच्या प्रेमात जुन्या काळाचे दुःख धुऊन निघते. ज्या तांबड्या रंगाला आपण आज ‘मातीचा उबदार लाल’ म्हणतो, त्याच तांबड्याचे जाडेभरडे आलवण केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर आयुष्यभर चढवले जाई. ज्या निळीवर आपण भाळतो, तिच्यासाठी बंगालच्या रयतेने १८५९-६० मध्ये उठाव केला आणि १९१७ मध्ये गांधींना चंपारणला जावे लागले. अमेरिकेत तर यादवी युद्धाच्या काळातल्या चिटांच्या नकला हा गोधडीकारांचा मोठा आवडीचा प्रकार आहे, आणि तो कापूस कुणाच्या पाठीवर कोरडे ओढून पिकला हे जगाला ठाऊक आहे. चिंध्यांची गोधडी ही गाडगेबाबांसारख्याने स्वेच्छेने अंगावर घेतली म्हणून त्यांना गोधडेबाबा म्हटले गेले. पण गावकुसाबाहेर ती स्वेच्छा नव्हती, दुसऱ्याचे टाकलेले कापड वापरण्याची सक्ती होती. हे सगळे खरे. पण याचे उत्तर नक्षी टाकून देणे हे नव्हे. आलवणाचा लाल आज एखाद्या मुलीच्या दुपट्यात, तिने स्वतः निवडून, पिवळ्याशेजारी बसवला तर त्या रंगावरची सक्ती सैल होते, मात्र ती सक्ती होती हे तिला ठाऊक असेल तरच. विक्रेत्याने ‘हेरिटेज’ एवढा एकच शब्द लावून कापड खपवले तर ते कळायला मार्ग नाही. म्हणून माझा राग नकलेवर नाही, बिनइतिहासाच्या चिठ्ठीवर आहे.

हीच गोष्ट तिसऱ्या आक्षेपाला लागू पडते: छापील नकलेने ठशाच्या कारागिराचे पोट मारले जाते. जाते, यात शंका नाही. लाकडी ठशाने हाताने छापलेल्या कापडात ठसा जिथे ठशाला भिडतो तिथे किंचित जोड दिसतो, रंग मागच्या बाजूला उतरतो, दोन फुले हुबेहूब सारखी नसतात. स्क्रीनवर किंवा डिजिटल यंत्रावर छापलेल्या कापडात हा जोडसुद्धा आता मुद्दाम चितारलेला असतो. चूक छापून विकायची, यापलीकडे लबाडी ती कोणती? हातमागाला १९८५ च्या कायद्याने काही वाण राखून दिले. ठशाच्या छपाईला तसे कुंपण नाही, मानांकन आहे ते ठरावीक गावांच्या ठरावीक छपाईपुरते. रायपूरच्या पंडरी बाजारात ठोक कापड घेणाऱ्याला दोन ठाण शेजारी ठेवून फरक सांगणारे कुणी भेटेलच असे नाही. माझे म्हणणे इतकेच की हा भांडणाचा मुद्दा विकणाऱ्याशी आहे, शिवणारीशी नाही. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून येतो तिथे हातछपाईचे कापड तुकडे करायला घेणे शक्य नाही, आणि शक्य असले तरी शहाणपणाचे नाही. ते अंगावर नेसावे, वापरावे, आणि ते फाटेल तेव्हा गोधडीत यावे. तोवर गिरणीच्या छापील सुती कापडाने काम भागवावे. गिरणीचे नाव निघाले म्हणून आठवण: राजनांदगावची बीएनसी मिल आणि नागपूरची १८७७ ची एम्प्रेस मिल या दोन गिरण्यांच्या गावांमध्ये रेल्वेने काही तासांचे अंतर, आणि या अख्ख्या पट्ट्यातल्या घराघरांत त्यांचे सुती कापड जाई. दोन्ही बंद पडल्या. त्या चालू असत्या तर जुन्या नक्षीचे सुती कापड शोधत हिंडायची वेळच आली नसती, ते नव्या-जुन्याचा वाद न होता दारात आले असते.

राहिला काटकसरीचा आक्षेप. गोधडी म्हणजे उरलेल्याचा उपयोग. अख्खे ठाण आणून, त्याचे चौकोन कापून, पुन्हा ते जोडणे ही तर श्रीमंतांची चूष. या आक्षेपात मला बरेच तथ्य वाटते. पाचशे रुपये मीटरचे कापड आणून त्याचे तळहाताएवढे तुकडे करणे आणि मग त्याला ‘शाश्वत’ म्हणणे हे हास्यास्पद आहे, आणि शहरांतल्या काही प्रदर्शनांत नेमके तेच चालते. पण गोधडीचा छेद घेऊन पाहा. पाच पदर असतील तर दिसणारा पदर एकच. मधल्या तीन पदरांत घरातल्या विरलेल्या सुती चादरी, पंचे, ओढण्या खुशाल जातात. पाठीला जुने धोतर किंवा बिछान्याची चादर. नवे चीट लागते ते वरच्या पदरापुरते, आणि कडा दुमडण्यात कापड जाते हे धरूनही एका माणसाच्या गोधडीला तीन-साडेतीन मीटर पुरतात. त्यातही कटपीस चालतात, ब्लाऊज बेतताना उरलेल्या पट्ट्या चालतात. उलट वरचा पदर मजबूत नसेल तर आतले विरलेले कापड वर्षभरात बाहेर डोकावते. जुन्या गोधड्यांवरही दर दोन-चार वर्षांनी नव्या कापडाचा थर चढवायची पद्धत होतीच. फाटलेल्या वाकळीवर नवा पदर घालून ती पुन्हा टाचणे याला कुणी नकली म्हटले नाही. फक्त एक पथ्य हवे. नवे कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, उन्हात वाळवून घ्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि आतले म्हातारे कापड फाडून टाकते.

आणि आता ती अट. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालयाने आपल्या संग्रहातल्या जुन्या गोधड्यांच्या नकला चीनमध्ये बनवून विकायला परवानगी दिली, तेव्हा तिथल्या गोधडी शिवणाऱ्या बायका खवळून उठल्या. हातच्या कामाला स्वस्त मजुरीशी झुंजावे लागेल हा राग होताच. त्याबरोबर भीती अशीही होती की पाच-पन्नास वर्षांनी या नकला जुन्या बाजारात अस्सल म्हणून खपतील. ती भीती रास्त होती. आपल्याकडे गोधडीचा जुना बाजार अजून तसा उभा राहिलेला नाही, पण खणाची आणि इरकलीची जी गत झाली, म्हणजे पॉलिएस्टरवर छापून ‘खण’ म्हणून विकणे, ती पाहता वेळ फार नाही. उपाय सरकारी शिक्क्याचा नको, सुईचाच पुरे. पाठीच्या अस्तराच्या एका कोपऱ्यात, वीतभर कापडावर, दोऱ्याने चार गोष्टी भराव्यात: वर्ष, गाव, वरचे कापड कुठल्या छपाईचे, आणि आत कुणाचे काय घातले आहे. ‘वर गिरणीचे चीट, आत घरच्या दोन चादरी, भनपुरी’ एवढे पुरते. हातची छपाई असेल तर ते लिहावे, नसेल तर तसे लिहावे. कोपराच का, तर गोधडी आधी मध्यभागी आणि हनुवटीशी विरते, कोपरे शेवटपर्यंत टिकतात. ती फाटेल तेव्हा तेवढा कोपरा कापून पुढच्या गोधडीच्या आतल्या पदरावर टाचता येतो.